वह्या वेगळ्या, ताळा एक

मुंबई-नाशिक महामार्गावरील मानकोली नाक्याहून अंजूरफाट्याकडे वळले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामांच्या रांगा लागतात. भिवंडी तालुक्यातील दापोडे हे गाव याच पट्ट्यात येते. मुंबई महापालिकेच्या हद्दीत शिरणाऱ्या मालावर जोवर जकात होती, तोवर माल हद्दीबाहेर उतरवून ठेवावा आणि लागेल तसा आत न्यावा, हा हिशेब व्यापाऱ्यांना परवडत असे. महामार्गाची आणि न्हावाशेवा बंदराची सोय त्यात मिळाली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मुंबईची जकात इतिहासजमा झाली. गोदामे मात्र ओस पडली नाहीत. राज्याराज्यांत छोटे छोटे साठे ठेवण्याची जुनी गरज कमी झाल्याने एकाच ठिकाणी मोठा साठा ठेवण्याकडे कल वाढला आणि भिवंडीच्या परिसराला त्याचा लाभच झाला.

अशा व्यापाराचे एक वैशिष्ट्य आहे. माल दापोड्यात असतो, पेढी काळबादेवीत असते आणि ग्राहक सांगलीला, लातूरला किंवा धुळ्याला असतो. या तिघांना एकत्र बांधणारी वस्तू एकच, ती म्हणजे नोंद. पूर्वी ग्राहक पेढीवर येऊन गादीवर बसत असे. चहा होईपर्यंत मुनीमजी दोन-तीन वह्या उघडून त्याला भाव, साठा आणि बाकी सांगून टाकत. आता तोच ग्राहक आपल्या दुकानात बसून मोबाईलवर विचारतो, ‘अमुक माल आहे का? माझ्यासाठी दर काय? माझी मागील बाकी किती?’ प्रश्न तीन असले तरी उत्तर त्याला एकाच पानावर आणि क्षणार्धात हवे असते. वेगवेगळ्या तक्त्यांतील नोंदी एकाच विचारणेत जोडून संकेतस्थळाच्या पानावर कशा आणतात, त्यामागील तत्त्व कोणते आणि त्यात व्यापाऱ्याने कोठे सावध राहावे, याचा विचार या लेखात केला आहे. हे काम संगणकवाल्याचे आहे असे समजून सोडून देण्याजोगे ते नाही. चुकीची जोडणी पेढीची बाकी बुडवू शकते आणि बरोबर जोडणी गोदामातील अडकलेला पैसा मोकळा करू शकते.

या तत्त्वाची ओळख व्यापारी घराण्यांना नवी नाही. दिवाळीत ज्या वह्यांचे पूजन होते, त्यांची रचना आठवावी. कीर्दीत रोजचा व्यवहार तारखेनुसार लिहिला जातो. खतावणीत प्रत्येक आसामीचे स्वतंत्र पान असते. कीर्दीतील ओळीत आसामीचा पूर्ण पत्ता, त्याचा हमीदार, त्याची उधारीची मर्यादा यांपैकी काहीही पुन्हा लिहीत नाहीत. तेथे नावापुढे खतावणीचा पानक्रमांक टाकतात आणि खतावणीतील रकमेपुढे कीर्दीचा पानक्रमांक टाकतात. दोन वह्या स्वतंत्र राहतात, पण त्या एका आकड्याने एकमेकींना बांधलेल्या असतात. इटलीतील गणिती लुका पाचोली याने १४९४ साली व्हेनिस येथे छापलेल्या आपल्या ग्रंथात दुनोंदी पद्धतीचे वर्णन केले, त्यातही वह्यांचे हे परस्परसंदर्भ आहेतच.

संगणकाच्या जगात हाच विचार गणिताच्या भाषेत मांडण्याचे श्रेय एडगर कॉड यांना जाते. आयबीएम कंपनीच्या कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करीत असताना त्यांनी १९७० साली एक निबंध प्रसिद्ध केला. सर्व माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी, तक्त्यांमधील नाते समान मूल्यांनी दाखवावे आणि माहिती कोठे व कशी साठवली आहे याची चिंता विचारणाऱ्याला नसावी, असे त्याचे सार होते. त्यांचे सहकारी डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ च्या सुमारास या तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा तयार केली. आरंभी तिचे नाव सीक्वेल होते, पुढे ते एसक्यूएल झाले. कॉड यांना १९८१ मध्ये संगणकशास्त्रातील ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. आज बँका, रेल्वे आरक्षण आणि लहानमोठी संकेतस्थळे याच भाषेवर चालतात.

विवेचन सोपे व्हावे म्हणून एक काल्पनिक पेढी डोळ्यांपुढे ठेवू. स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचा घाऊक व्यापार, गोदाम दापोड्यात, पेढी काळबादेवीत. घरातील तरुण नातवाने संकेतस्थळ उभारायचे ठरवले. त्याच्या हाताशी एक्सेलचा एक भला मोठा तक्ता होता. प्रत्येक ओळीत ग्राहकाचे नाव, पत्ता, दूरध्वनी, भांड्याचे नाव, माप, दर, नग, गोदामातील रांग आणि रक्कम, असे सारे एकत्र लिहिलेले. दिसायला सोयीचा, पण आतून पोकळ. एकाच ग्राहकाचा पत्ता त्यात चारशे वेळा आला होता. ग्राहकाने दुकान हलवले तेव्हा काही ओळींत पत्ता बदलला आणि काहींत राहून गेला. नावाच्या शेवटी कोठे ‘स्टोअर’ तर कोठे ‘स्टोअर्स’ असे लिहिले गेले, म्हणून एकाच आसामीच्या दोन आसामी झाल्या आणि बाकी दोन ठिकाणी वाटली गेली.

यावरचा उपाय कीर्द-खतावणीचाच आहे. प्रत्येक तथ्य एकाच जागी लिहावे. ग्राहकांचा तक्ता वेगळा ठेवावा, त्यात प्रत्येक ग्राहकाची एकच ओळ असावी आणि तिला कधीही न बदलणारा क्रमांक द्यावा. मालाचा तक्ता वेगळा, त्यात प्रत्येक भांड्याला मालक्रमांक. साठ्याचा तक्ता वेगळा, त्यात मालक्रमांक, गोदामातील रांग आणि नग. मागणीच्या तक्त्यात मागणीक्रमांक, तारीख आणि ग्राहकक्रमांक. एका मागणीत अनेक वस्तू असतात, म्हणून मागणीच्या तपशिलाचा तक्ता आणखी वेगळा. जमा रकमांचा तक्ता स्वतंत्र. ग्राहकाचा पत्ता बदलला तर एकच ओळ बदलावी लागते आणि ती जेथे जेथे दिसते तेथे आपोआप नवी दिसते.

एक अपवाद ध्यानात ठेवावा. बिलावर लावलेला दर मालाच्या तक्त्यातून दरवेळी नव्याने आणू नये, तो मागणीच्या तपशिलात त्या दिवसाचा म्हणून लिहून ठेवावा. आजचा दर हे मालाविषयीचे तथ्य आहे आणि त्या दिवशी ठरलेला दर हे सौद्याविषयीचे तथ्य आहे. उद्या भाव वाढला म्हणून गेल्या वर्षीचे बिल वाढता कामा नये.

असे विभागलेले तक्ते पुन्हा एकत्र आणण्याच्या क्रियेला जॉइन, म्हणजे जोडणी म्हणतात. संगणकाला सांगायचे ते साध्या शब्दांत असे असते: मागणीच्या तक्त्यातील ओळी घे, प्रत्येक ओळीतील ग्राहकक्रमांक ग्राहकांच्या तक्त्यात जेथे जुळेल तेथील नाव आण, तोच मागणीक्रमांक असलेला तपशील आण, तपशिलातील मालक्रमांकावरून भांड्याचे नाव आण आणि मला फक्त नाव, भांडे, नग व रक्कम एवढेच दाखव. एसक्यूएलमध्ये काय दाखवायचे ते ‘सिलेक्ट’ या शब्दापुढे, कोणत्या तक्त्यातून ते ‘फ्रॉम’ पुढे, कशाशी जोडायचे ते ‘जॉइन’ पुढे, कोणत्या रकान्याने जोडायचे ते ‘ऑन’ पुढे आणि शेवटची अट ‘व्हेअर’ पुढे लिहितात. ही सारी मिळून एक विचारणा, म्हणजेच क्वेरी होते.

हे सारे एकाच विचारणेत का करावे, असा प्रश्न येथे पडेल. नवशिका प्रोग्रामर बहुधा वेगळी वाट धरतो. तो आधी दोनशे भांड्यांची यादी मागवतो आणि मग प्रत्येक भांड्याचा साठा विचारायला डेटाबेसकडे स्वतंत्र फेरी मारतो. एक फेरी यादीची आणि दोनशे साठ्याच्या, अशा २०१ फेऱ्या होतात. दापोड्याच्या गोदामात हमालाला दोनशे डबे आणायला पाठवताना कोणीही त्याला एकेका डब्यासाठी दोनशे वेळा पाठवत नाही, यादी हातात देऊन एकदाच पाठवतो. प्रत्येक फेरीला सेकंदाचा शंभरावा भाग लागला असे धरले तरी पान उघडायला दोन सेकंद जातात. शंभर ग्राहक एकाच वेळी आले तर फेऱ्या वीस हजारांवर जातात आणि नेमके सणाच्या मोसमात संकेतस्थळ बसते. जोडणी केलेली एक विचारणा हेच काम एका फेरीत करते.

तिला गती हवी असेल तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. खतावणीच्या आरंभी अक्षरवार नावांची सूची असते, म्हणून मुनीमजींना पान शोधायला सगळी वही चाळावी लागत नाही. डेटाबेसमध्ये या सूचीला इंडेक्स म्हणतात. ज्या रकान्यांवर जोडणी होते त्यांना इंडेक्स नसेल, तर संगणकालाही पुष्कळदा सगळी वही चाळावी लागते. वही लहान असेपर्यंत हे जाणवत नाही. लाखभर ओळी झाल्या की जाणवते.

येथपर्यंत सोयीचा भाग झाला. आता धोक्याचा पाहू.

जोडणीचे दोन मुख्य प्रकार व्यापाऱ्याने नावानिशी ओळखावेत. पहिला इनर जॉइन. यात दोन्ही तक्त्यांत जोडीदार असलेल्या ओळीच दिसतात आणि ज्या ओळीला समोर जोडीदार नाही ती गळते. दुसरा लेफ्ट जॉइन. यात पहिल्या तक्त्यातील प्रत्येक ओळ राहते आणि समोर जोडीदार नसेल तर ती जागा रिकामी दिसते. नुसत्या ‘जॉइन’ शब्दाचा अर्थ संगणक इनर जॉइन असाच घेतो, म्हणून पुष्कळ ठिकाणी हा प्रकार विचार न करता वापरला जातो.

आपल्या पेढीत १२ प्रकारची भांडी आहेत आणि गेल्या तीन महिन्यांत त्यांपैकी ९ प्रकार विकले गेले, असे समजू. नातवाने ‘माल आणि विक्री’ असे पान इनर जॉइनने तयार केले. पानावर ९ भांडी आली. सगळी खपणारी, सगळ्यांपुढे चांगले आकडे. घरातील सर्वांना समाधान वाटले. न दिसलेल्या तीन प्रकारांत ४५० रुपयांची ४० जड बुडाची पातेली, ३०० रुपयांची ६० पुरणयंत्रे आणि ४०० रुपयांची ८० इडलीपात्रे होती. अनुक्रमे १८,०००, १८,००० आणि ३२,०००, म्हणजे एकूण ६८,००० रुपयांचा माल दापोड्याच्या रांगेत धूळ खात होता. त्यावर गोदामभाडे चालू होते आणि बँकेचे व्याजही चालू होते. जो माल विकला गेला नाही तो विक्रीच्या तक्त्यात नाही, म्हणून जोडणीत गळला आणि ज्याची चिंता करायची तोच नजरेआड झाला. ग्राहकांचेही असेच घडते. ‘ग्राहक आणि त्यांच्या यंदाच्या मागण्या’ या इनर जॉइनमधून यंदा एकही मागणी न दिलेला जुना ग्राहक नाहीसा होतो. खरे तर पहिला फोन त्यालाच करायला हवा.

लेफ्ट जॉइनने सर्व १२ भांडी दिसतात आणि तिघांपुढील विक्रीची जागा रिकामी राहते. पण या रिकाम्या जागेचा अर्थ नीट लावला पाहिजे. डेटाबेसच्या भाषेत तिला नल म्हणतात आणि नल म्हणजे शून्य नव्हे. साठा शून्य याचा अर्थ मोजला आणि माल नाही. साठा नल याचा अर्थ नोंदच नाही, मोजणी राहिली असेल किंवा मालक्रमांक चुकला असेल. ग्राहकाच्या पानावर दोन्ही ठिकाणी ‘उपलब्ध नाही’ असे छापले तर हाती असलेला माल विकायचा राहून जाईल. रिकाम्या जागी ‘उपलब्ध’ असे छापले तर ग्राहक आगाऊ रक्कम भरील आणि गोदामातून माल निघणार नाही. ‘चौकशी करावी’ हा तिसरा शब्द अशा वेळी पेढीची पत राखतो.

लेफ्ट जॉइन वापरूनही ओळी गळण्याचा एक चोरदरवाजा आहे. जोडणी झाल्यावर शेवटी ‘व्हेअर’ मध्ये ‘विक्रीची तारीख १ एप्रिलनंतरची असावी’ अशी अट घातली, की ज्यांची विक्रीच नाही त्यांच्या तारखेची जागा रिकामी असल्याने त्या ओळी अटीत बसत नाहीत आणि पुन्हा गळतात. विक्रीविषयीची ही अट जोडणीच्याच ठिकाणी, म्हणजे ‘ऑन’ पुढे लिहावी लागते. बदल दोन शब्दांचा असतो, पण त्याने सगळा अहवाल बदलतो.

गळतीच्या उलट असलेला दोष अधिक फसवा आहे, कारण त्यात आकडे कमी होण्याऐवजी फुगतात. काल्पनिक पेढीतील एक प्रसंग पाहू. लातूरच्या एका दुकानदाराने ३०,००० रुपयांची मागणी दिली. तिच्यात तीन वस्तू होत्या: १२,०००, १०,००० आणि ८,००० रुपयांच्या. त्याने दोन हप्त्यांत १५,००० आणि ५,००० असे २०,००० रुपये भरले. खरी बाकी १०,००० रुपये. संकेतस्थळावर मात्र बाकी शून्य दिसली.

“भाऊ, लातूरचा चेक अजून यायचा आहे. बाकी शून्य कशी?” मुनीमजींनी विचारले.

“मुनीमजी, बेरीज यंत्राने केली आहे. तिच्यात चूक कशी होईल?”

“बेरजेत चूक नसेल. कशाकशाची बेरीज केली, ते एकदा उघडून दाखवा.”

मुनीमजींचा प्रश्न नेमका होता. नातवाने मागणीचा तपशील आणि जमा रकमा हे दोन्ही तक्ते एकाच मागणीक्रमांकाला एकाच वेळी जोडले होते. तीन वस्तूंपैकी प्रत्येकीला दोन्ही जमा जुळल्या आणि तीन गुणिले दोन अशा सहा ओळी तयार झाल्या. प्रत्येक वस्तू दोनदा मोजली गेल्याने मागणीची बेरीज ६०,००० झाली. प्रत्येक जमा तीनदा मोजली गेल्याने जमेची बेरीजही ६०,००० झाली. वजाबाकी शून्य. संगणकाने सांगितलेले काम बिनचूक केले होते, सांगण्यातच दोष होता. दहा हजार रुपये असे कोणाचीही लबाडी नसताना बुडाले असते.

यावरील उपाय मुनीमजींच्या सवयीतलाच आहे. आधी प्रत्येक वहीची पानबेरीज करावी, मग बेरजा जोडाव्यात. मागणीच्या तपशिलाची मागणीक्रमांकानुसार बेरीज केली की एका मागणीची एकच ओळ उरते, ३०,००० ची. जमा रकमांची तशीच बेरीज केली की तेथेही एकच ओळ उरते, २०,००० ची. आता एकास एक जोडणी होते आणि बाकी १०,००० येते. हे सारे एकाच विचारणेत बसते. त्यासाठी ‘ग्रुप बाय’ हे शब्द योग्य जागी यावे लागतात. येथेही मागणीच्या बाजूने लेफ्ट जॉइनच हवा, नाहीतर ज्याने एक पैसाही भरलेला नाही त्याची संपूर्ण बाकी यादीतून गळेल. त्याच्या जमेच्या रिकाम्या जागी मात्र हिशेबापुरते शून्य धरावे लागते, कारण तीस हजारांतून नल वजा केले तर संगणक उत्तरही नल देतो.

हा दोष पेढीच्या भिंतींआड राहत नाही. कॅश क्रेडिट घेतलेल्या पेढीला बँकेकडे ठरलेल्या मुदतीने साठ्याचे आणि येणे रकमांचे पत्रक द्यावे लागते. त्यावरून किती रक्कम उचलता येईल ते ठरते. पत्रक फुगलेल्या जोडणीतून निघाले तर पेढी खोटे सांगत नसतानाही खोटी ठरते. गळलेल्या जोडणीतून निघाले तर हक्काची उचल कमी होते. म्हणून नव्या पत्रकाची बेरीज मूळ तक्त्याच्या बेरजेशी ताडून पाहिल्यावाचून त्यावर सही करू नये.

जोडणीचे महत्त्व ज्याला अजूनही दूरचे वाटत असेल, त्याने आपला वस्तू व सेवा कराचा परतावा पाहावा. पुरवठादार आपली विक्री जीएसटीआर-१ मध्ये भरतो. त्यातून खरेदीदाराचे जीएसटीआर-२बी हे पत्रक तयार होते. ऑगस्ट २०२० च्या करमहिन्यापासून ते उपलब्ध झाले. १ जानेवारी २०२२ पासून कायद्याच्या कलम १६ मध्ये अशी अट आली की, पुरवठादाराने बिलाचा तपशील आपल्या पत्रकात भरलेला असला आणि तो खरेदीदाराकडे पोहोचलेला असला, तरच त्या करवजावटीचा हक्क मिळतो. म्हणजे आपली खरेदीवही आणि सरकारकडील पत्रक यांची जोडणी जमली नाही तर भरलेला कर अडकतो.

ही जोडणी नावाने होत नाही. ती १५ अक्षरांच्या जीएसटी क्रमांकाने आणि बिलक्रमांकाने होते. या क्रमांकातील पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्रासाठी २७. पुढील दहा अक्षरे पॅनची. त्यापुढे त्याच पॅनवरील नोंदणीचा अनुक्रम आणि शेवटी तपासणीचे अक्षर. बिलक्रमांक सोळा अक्षरांपर्यंतचा असू शकतो आणि तो एका आर्थिक वर्षापुरताच एकमेव असणे बंधनकारक आहे. दोन पुरवठादारांचा बिलक्रमांक एकच असू शकतो आणि एकाच पुरवठादाराचा क्रमांक पुढील वर्षी पुन्हा येऊ शकतो. म्हणून पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष आणि बिलक्रमांक हे तिन्ही एकत्र घेऊनच जोडणी करावी. एका वहीत ‘०४५’ आणि दुसरीत ‘४५’ असे लिहिलेले असेल, तर माणसाला ते एक वाटते, यंत्राला वाटत नाही. आपली खरेदीवही डाव्या बाजूला ठेवून लेफ्ट जॉइन केला, की ज्या बिलांसमोर सरकारी पत्रकातील जागा रिकामी राहते, ती बिले म्हणजे पुरवठादारांना फोन करण्याची तयार यादी होय.

दापोड्याहून सुटणाऱ्या मालमोटारीचे ई-वे बिलही वेगवेगळी तथ्ये वेगळी ठेवण्याच्या तत्त्वावर बेतलेले आहे. आंतरराज्य वाहतुकीसाठी ते १ एप्रिल २०१८ पासून देशभर लागू झाले. त्याच्या ‘अ’ भागात माल, बिल आणि दोन्ही पक्षांचा तपशील असतो आणि ‘ब’ भागात वाहन. वाटेत गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत भरला तर फक्त ‘ब’ भाग नवा भरतात, मालाचा तपशील तसाच राहतो. दोन्ही भागांना बारा अंकी क्रमांक बांधून ठेवतो. गाडी आणि माल एकाच ओळीत कोंबले असते तर प्रत्येक गाडीबदलाला सारे बिल पुन्हा लिहावे लागले असते.

आता उरला पेढीच्या गुपिताचा प्रश्न. जोडणीची शक्ती अशी की ती सर्व काही एका पानावर आणू शकते, म्हणून काय आणायचे नाही हेही ठरवावे लागते. सर्व रकाने मागवण्यासाठी एसक्यूएलमध्ये नुसती एक चांदणी लिहिली तरी चालते. आळसाने ती लिहिली की ग्राहकाच्या पानामागे खरेदीचा दर आणि नफ्याची टक्केवारीही पाठवली जाते. पडद्यावर ती दिसत नसली तरी जाणकाराला काढता येते. म्हणून ‘सिलेक्ट’ पुढे हवे तेवढेच रकाने नावानिशी लिहावेत. तसेच ग्राहक कोण आहे हे त्याने पानाच्या पत्त्यात दिलेल्या क्रमांकावरून ठरवू नये. तो क्रमांक एकाने वाढवून त्याने शेजारच्या दुकानदाराचा दर आणि बाकी पाहिली, तर पिढ्यांची पत एका दुपारी जाते. ग्राहक कोण हे त्याच्या प्रवेशनोंदणीवरून सर्व्हरने ठरवावे आणि तीच अट प्रत्येक विचारणेत घालावी. शोधपेटीत ग्राहकाने टंकलेला मजकूर जसाच्या तसा विचारणेत चिकटवणे हेही तितकेच घातक आहे, कारण शब्दांऐवजी आज्ञा टंकून कोणीही सगळे तक्ते उपसू शकतो. मजकूर नेहमी स्वतंत्र मूल्य म्हणून द्यावा, विचारणेचा भाग म्हणून नव्हे.

घरातील वडीलधाऱ्यांना ही भाषा शिकण्याची आवश्यकता नाही. संकेतस्थळ करून देणाऱ्याला त्यांनी पुढील पाच प्रश्न विचारावेत आणि उत्तर पडद्यावर करून दाखवायला सांगावे.

१. ग्राहकाचा पत्ता बदलला तर तो किती ठिकाणी बदलावा लागतो?

२. ज्या मालाची एकही विक्री नाही आणि ज्या ग्राहकाची एकही मागणी नाही, ते यादीत दिसतात का?

३. अनेक वस्तू आणि अनेक हप्ते असलेल्या एका मागणीची बाकी हाताने काढलेल्या बाकीशी जुळते का?

४. साठ्याची नोंद नसेल तेथे पानावर काय छापले जाते?

५. एका ग्राहकाला दुसऱ्याचे काही दिसू शकते का?

तिसऱ्या प्रश्नासाठी पेढीतील सर्वांत गुंतागुंतीचे खाते निवडावे. सोपे खाते कोणत्याही पद्धतीत जुळते.

नव्या पिढीने कीर्द-खतावणी टाकून दिली अशी तक्रार अनेक घरांत ऐकू येते. वस्तुतः तीच आता यंत्रात नव्या नावाने नांदते आहे. खतावणीचा पानक्रमांक आज ग्राहकक्रमांक झाला आणि अक्षरवार सूची इंडेक्स झाली. पानबेरजेला ग्रुप बाय हे नाव मिळाले. म्हणून नातवाने लिहिलेल्या विचारणेकडे मुनीमजींनी परके शास्त्र म्हणून पाहू नये आणि मुनीमजींच्या शंकेकडे नातवाने जुनाट अविश्वास म्हणून पाहू नये. एकाला जोडणी करता येते आणि दुसऱ्याला ताळा पाहता येतो. दोघे एका पडद्यासमोर बसले, तर काळबादेवीच्या पानावर दिसणारा आकडा आणि दापोड्याच्या रांगेत ठेवलेला नग एकमेकांशी जुळतील.